पूजा सांगणारी आजी

आजी गेली तेव्हा मला धक्का बसला नाही. नव्वदीची बाई, झोपेत, स्वतःच्या पलंगावर, पायाशी गरम पाण्याची पिशवी. असं जाणं मागून मिळत नाही. धक्के द्यायचे ते तिनं जिवंतपणी देऊन टाकले होते. त्यातला सगळ्यात मोठा तिनं अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी दिला. तो सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे, पण आधी ती कोण होती ते सांगायला हवं.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. कराडला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. एकुलत्या एका मुलीचं लग्न पुण्यात लावून दिलं, नोकरीचा राजीनामा दिला आणि पंचेचाळिशीत आजोबांबरोबर डार्विनला गेली. आजोबा इंजिनीअर. विजेच्या सरकारी खात्यात त्यांना नोकरी मिळाली होती. त्या काळी आमच्या नात्यागोत्यात ऑस्ट्रेलिया म्हणजे क्रिकेट, एवढंच माहीत होतं. डार्विन तर कुणी नकाशातही पाहिलं नव्हतं. आजीनं पाहिलं होतं. शाळेच्या नकाशावर छडी ठेवून तिनं ते मुलांना दाखवलेलं होतं. "जे शिकवलं ते खरं आहे का, बघून येते," असं म्हणून ती निघाली, असं आई सांगायची.

डार्विनमधली ती पहिली मराठी बाई. निदान तिचं म्हणणं तसं होतं. "दुसरी असेल तर मला भेटली नाही, म्हणजे नव्हती." खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, वर्षातले कितीतरी महिने अंगाला चिकटणारा दमट उकाडा, आणि संडासाच्या भांड्यात रोज सकाळी बसलेला हिरवागार बेडूक. पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला शाळामास्तरणीच्या आवाजात "बाहेर!" म्हटलं. पुढे ती त्याच्यासाठी थांबायला लागली. "त्याचं होऊ दे, मग मी जाते."

नवीन मराठी माणूस शोधण्याची तिची पद्धत, शिकायला मी डार्विनला तिच्याकडे राहत होते तेव्हा, मी स्वतः पाहिली आहे. सुपरमार्केटमध्ये ती दुसऱ्यांच्या ट्रॉलीत डोकावायची. दह्याचे दोन मोठे डबे, कोथिंबिरीच्या चार जुड्या आणि शेंगदाणे दिसले, की ती सरळ पाठलाग करायची. शेंगदाणे महत्त्वाचे. दही-कोथिंबीर कुणीही भारतीय घेतो, म्हणायची, पण एवढे दाणे कूट करणाऱ्या घरातच जातात. मग गाठून थेट विचारायची, "कुठले तुम्ही?" सॉरी नाही, एक्स्क्यूज मी नाही. मी लाजेनं बिस्किटांच्या रांगेत लपायचे. पण तिचा अंदाज बहुतेक बरोबर निघायचा, आणि पुढच्या रविवारी ते कुटुंब आमच्याकडे जेवायला असायचं.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "विचारलं की लोक नाही म्हणतात. म्हणून विचारायचं नाही." गाडी चालवायला ती न विचारता शिकली. आजोबांना लायसन्स मिळाल्यावरच कळलं. नंतर लग्न होऊन डार्विनला येणाऱ्या प्रत्येक मराठी सुनेला तिनं गाडी शिकवली. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचून, पायांत रबरी चपला, हातात लाकडी फूटपट्टी. चुकीचा गिअर टाकला की पट्टी डॅशबोर्डवर. आज डार्विनच्या हॉस्पिटलातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, "अजूनही राउंडअबाउट आला की माझी बोटं आखडतात."

आजोबा गेल्यावर मी तिला म्हटलं, आता माझ्याकडे ये. मी तोवर मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये घर घेतलं होतं. मी सगळं व्यवस्थित ठरवलं. विमानाचं तिकीट, सामान नेणारी कंपनी, व्हीलचेअरची सोय. माझी यादी तयार होती. आजीनं ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. तिकिटाच्या आधीच्या आठवड्यात तिचा फोन आला. मागे ट्रकचे आवाज.

"मी निघाले आहे," ती म्हणाली.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे. ॲलिस स्प्रिंग्ज आलं. इथली हवा कोरडी आहे गं, छान आहे."

बहात्तर वर्षांची बाई स्वतः गाडी चालवत, देश उभा कापत एकटी येत होती. मी ऑफिसात उभीच राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या दारात उतरली. शेजारच्या सीटवर सीटबेल्ट लावलेला दगडी पाटा होता आणि पायाशी वरवंटा.

"त्याला बेल्ट का लावलास?"

"गाडी सारखी टिणटिण करत होती. तिला वाटलं माणूस बसलंय. मग लावून टाकला. वाद कोण घालणार?"

विमानाच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत हे मी तिला ऐकवलं. तिनं पाटा कुठे ठेवायचा ते विचारलं.

आता पूजेबद्दल. आजी पूजा सांगायची. बारसं, लग्न, वास्तुशांत, श्राद्ध, सगळं. डार्विनमध्ये गुरुजी नव्हते, म्हणून कुणीतरी करायला हवं होतं, आणि कुणीतरी म्हणजे आजी, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाईनं, तेही पुढे विधवा बाईनं, सांगितलेली पूजा चालते का, असा प्रश्न एकदोघांनी काढला होता म्हणे. आजीनं त्यांना म्हटलं, "पुढच्या विमानानं येणाऱ्या गुरुजींना विचारू. तोवर तूप आणा." गुरुजी काही आले नाहीत. तूप आलं.

मेलबर्नला आल्यावर हे थांबेल असं मला वाटलं होतं. इथे देवळं आहेत, गुरुजी आहेत. पण आमच्या पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींत दर शनिवारी कुणीतरी नव्या घराच्या किल्ल्या घेतं. गुरुजींची तारीख मिळायला महिने लागतात. त्यामुळे आजीचा फोन वाजतच राहिला. ती दक्षिणा घ्यायची नाही. उलट कढीपत्त्याचं रोप द्यायची. तिची पूजा लोकांना आवडायची. लांबत नसे, आवाज खणखणीत, आणि मंत्र इतके भरभर आणि एका लयीत की ऐकणाऱ्याला आपोआप डोळे मिटावेसे वाटत.

मी तिची ड्रायव्हर आणि मदतनीस. समिधा, तूप, ताम्हन, आंब्याच्या डहाळीऐवजी जे मिळेल ते, आणि एक शॉवर कॅप. शॉवर कॅप धुराच्या अलार्मवर चढवायची. पहिल्या वेळी मला हे माहीत नव्हतं आणि ऐन होमात घर किंचाळायला लागलं होतं.

तो दिवस आमच्या जवळच्याच एका नव्या वसाहतीतला, ट्रुगानिनातला. माझी मैत्रीण मेघना हिच्या नव्या घराची वास्तुशांत. माणसं चाळीसेक, सगळ्यांच्या चपला गराजमध्ये. मेघनाचे सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. ते मोठ्या रिक्लायनरमध्ये बुडून बसले होते. चेहऱ्यावर परदेशात मुलाकडे आलेल्या वडिलांचा नेहमीचा भाव. सगळं छान आहे, पण मी इथे काय करतोय?

आजीनं सुरुवात केली. मी अलार्मकडे लक्ष ठेवून होते. दहाएक मिनिटांनी मला दिसलं की ते साताऱ्याचे आजोबा रिक्लायनरमध्ये ताठ बसले आहेत. मग ते पुढे सरकले. मग उठून होमापाशी आले. आजी डोळे मिटून म्हणत होती आणि प्रत्येक ओळीला मेघनाचा नवरा तूप सोडत होता. "चौदोदरसे, स्वाहा. तेहेतिसासे, स्वाहा." मला ते शब्द पाठ झाले होते, अर्थ माहीत नव्हता. संस्कृत शाळेत घेतलं नव्हतं.

आणि आजोबा तिच्या सुरात सूर मिसळून म्हणायला लागले. मोठ्यानं, स्पष्ट. आजीचे डोळे उघडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिचा आवाज तसूभरही हलला नाही. दोघांनी मिळून "नव्वदासे, स्वाहा" म्हटलं आणि हात जोडले.

मेघनाच्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला एवढं येतं, आम्हाला कधी सांगितलंच नाहीत."

"कुणी विचारलं नाही," आजोबा म्हणाले.

जेवताना मी पंक्तीत वाढत होते. आजोबांच्या पानात मसालेभात घातला तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोरी, तुझी आजी शिक्षिका होती का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"एकोणीसचा पाढा इतका स्वच्छ म्हणणारं माणूस मी चाळीस वर्षांत ऐकलं नाही."

मी भाताचा डाव हातात धरून तशीच उभी राहिले.

"कसला पाढा?"

"एकोणीस सक चौदोदरसे. म्हणजे एकशे चौदा. जुन्या शाळेत असंच म्हणायचे. तू इंग्रजी शाळेतली दिसतेस." त्यांनी पापड मोडला. "राहू दे. कुणाला सांगू नकोस. पोरगा माझा रडला आज. लग्नातसुद्धा रडला नव्हता."

मी इंग्रजी शाळेतलीच. माझे पाढे 'नाइन्टीन वन्स आर नाइन्टीन' असे. पंधरा वर्षं मी त्या बाईला गाडीतून गावभर फिरवत होते, ताम्हन धुऊन देत होते, शॉवर कॅप चढवत होते, आणि ती लोकांच्या नव्या घरात गणित म्हणत होती.

परतताना गाडीत माझी सतरा वर्षांची मुलगी मागे बसली होती. मी फ्रीवेला लागले. मग विचारलं, "आजी, एकोणीस सक किती?"

"चौदोदरसे," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हातारा हुशार आहे."

"आजी!"

"ओरडू नकोस, गाडी चालवते आहेस. मला मंत्र येत नव्हते. मला दोनच गोष्टी पाठ होत्या, आरत्या आणि पाढे. आरती म्हटली असती तर सगळे टाळ्या वाजवायला लागले असते."

मागून आवाज आला, "वेट. सो बेसिकली शी वॉज चांटिंग मॅथ्स?" आणि मग मुलगी अशी हसली की तिला खोकला आला. "आजी, यू आर अ लेजंड!"

"तू गप्प बस," मी म्हटलं. "आजी, अगं, लोकांची लग्नं लावलीस तू!"

"लग्न सरकारात लागलेलं असायचं. सही, शिक्का, सगळं. मी फक्त धूर करायचे."

"पण त्यांना वाटलं ना की—"

"काय वाटलं? आपलं लग्न झालं, असं वाटलं. झालंच होतं. एवढ्या लांब, आई नाही बाप नाही, ती पोर नवी साडी नेसून उभी. तिला काय सांगू, मला येत नाही, तू तशीच घरी जा? सतराच्या पाढ्यानं मी इतकी लग्नं लावली, एक मोडलं नाही."

"दोन मोडली आहेत. डार्विनमधली."

"ती पाढ्यामुळे नाही, स्वभावामुळे. दोघांनाही मी आधीच सांगितलं होतं."

मला हसायला यायला हवं होतं. मुलगी तर पोट धरून हसत होती. तेवढ्यात आजी आपल्याच नादात हिशेब सांगावा तशी बोलली, "बारशाला तेराचा. सोपा, गोड. लग्नाला सतरा. एकोणीस सगळ्यात अवघड, तो वास्तूला. वास्तूला आणि..."

आणि ती थांबली. आरशात मला मुलीचं हसू थांबलेलं दिसलं. कारण आम्हा तिघींनाही एकदमच आठवलं.

आईचे शेवटचे विधी आजीनं सांगितले होते.

माझे वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली होती. लॉकडाउनच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. चार दिवसांत, हॉस्पिटलात. आम्हाला काचेपलीकडूनच बघता आलं. अंत्यविधीला दहा माणसं, त्याहून एक जास्त नाही. पुण्याहून आईच्या मामेबहिणी, शेजारणी, तिच्या भिशीतल्या मैत्रिणी, सगळ्या स्क्रीनवर. गुरुजीही स्क्रीनवरूनच सांगतो म्हणाले होते. तेव्हा आजी म्हणाली होती, "माझ्या मुलीला टीव्हीवरून नको. मी आहे." मास्क लावून, काठी टेकत, आपल्या मुलीच्या डोक्याशी उभी राहून तिनं सगळं सांगितलं, आणि मी केलं. पाणी फिरवलं, तुळस ठेवली. त्या दिवशी बाकी सगळं अर्धवट होतं. आईचा हात धरला नव्हता, तिला शेवटची साडी मी नेसवली नव्हती. एक गोष्ट तेवढी नीट झाली असं मी धरून चालले होते. तिच्यावर मंत्र म्हटले गेले, आणि ते तिच्या आईनं म्हटले. त्या एका गोष्टीवर मी पुढचे दिवस काढले होते.



मी त्या आठवड्यात तिला काही विचारलं नाही. मी सगळी कामं केली. ताम्हन घासून कपाटात ठेवलं. दोन जणांचे वास्तुशांतीसाठी फोन आले, त्यांना आजीची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. आजी ऐकत होती. काही म्हणाली नाही, तेही नवलच. जेवायला बसली की ताटात बघायची. मी तिला औषधं द्यायचे, ती घ्यायची.

मला माझाच राग येत होता. मी कर्मकांडातली बाई नाही. सणावाराला पुरणपोळी विकत आणते. मग मंत्र खरे होते की नाही यानं एवढं काय बिघडतं? पण बिघडत होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मध्येच मला ऐकू यायचं, चौदोदरसे, तेहेतिसासे, आणि आईचा चेहरा. माझ्या आईला आम्ही पाढे म्हणून निरोप दिला. हे कुणाला सांगणार?

शनिवारी सकाळी आजी मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या कुंड्यांवरचं कापड काढत होती. मेलबर्नच्या थंडीत ती झाडं रात्री झाकावी लागतात. मी चहा घेऊन गेले आणि उभ्या उभ्याच विचारलं. बसले असते तर विचारलं गेलं नसतं.

"आईच्या वेळी काय म्हटलंस?"

तिनं कापडाची घडी घातली. चार पदरी, कोपऱ्याला कोपरा.

"एकोणीसचा."

मला वाटलं होतं ती काहीतरी वेगळं सांगेल. निदान रामाचं नाव. मी चहाचा कप कुंडीच्या कडेवर ठेवला.

"दुसरं काही येत नव्हतं तुला? तुझी मुलगी होती ती, आजी."

"येत होतं. आदल्या रात्री तुझ्या फोनवरून दोन ओळी पाठ करून ठेवल्या होत्या, खऱ्या. तिथे गेल्यावर नाही म्हणाव्याशा वाटल्या. तिला एकोणीसचाच म्हटला. मुद्दाम."

"मुद्दाम?"

ती कुंड्यांच्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली.

"तुझी आई कधी माझ्या पूजेला आली का? आठव. इथे असताना, एकदा तरी?"

मी आठवलं. आई कधीच येत नसे. गुडघे दुखतात, टीव्हीवर मालिका आहे, घरी कुणीतरी हवं. दर वेळी काहीतरी.

"तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," आजी म्हणाली. "पूजेच्या आदल्या दिवशी मी घरात पुटपुटायचे, तिच्या कानाला कसं नाही कळणार? तिनं कुणाला सांगितलं नाही. पण ऐकायला बसली नाही. एकोणीसचा तिला कधी यायचाच नाही. आठावर अडायची. बाईंची मुलगी आणि पाढा येत नाही, वर्गात सगळी पोरं बघायची. मी तिला सगळ्यांसमोर उभी करायचे. एकोणीस आठे? म्हणायचे. ती तोंडाकडे बघत राहायची. मी पट्टी मारायचे. श्वास घ्यायला वेळ द्यायचे नाही. एक दिवस तिच्या बोटांना इतकी सूज आली की तिला रात्री जेवता येईना. तुझ्या आजोबांनी भरवलं. त्यानंतर तिनं माझ्यासमोर पाढा म्हटला नाही. मीही कधी काढला नाही. पुढे तिचं लग्न झालं, तू झालीस, मी इकडे आले. इतकं आयुष्य गेलं, आम्ही दोघी सगळं बोललो, ते नाही बोललो."

शेजारच्यांचा कुत्रा कुंपणापलीकडे भुंकत होता. तिनं त्याला सवयीनं "गप!" म्हटलं आणि तो गप्प झाला.

"त्या दिवशी म्हणताना मी आठावर आले," ती म्हणाली, "आणि थांबले."

ते मला आठवत होतं. भर विधीत तिचा आवाज बंद पडला होता. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते आईच्या चेहऱ्यावर होते. सगळ्यांना वाटलं, म्हातारी कोसळली. मी पाण्याचा पेला घेऊन पुढे झाले होते, तेव्हा तिनं माझा हात जोरानं बाजूला सारला होता. मला ते लागलं होतं, पण दुःखात माणूस असं करतं, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

"तू मध्ये आलीस," आजी म्हणाली. "मी तिला वेळ देत होते."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. खूप वेळ दिला. मग मीच म्हटलं, बावनासे." तिनं घडी घातलेलं कापड मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवला. "हळू म्हटलं."